चावी आत होती

साहेब, तुम्ही माझं दार उघडलंच नव्हतं. उघडलं असं लिहिलंत मात्र. खाली सही ठोकलीत, सहीवर शिक्का मारलात, आणि त्या शिक्क्याच्या जोरावर एका सरळ माणसाला मरेपर्यंत जुगारी ठरवलंत. मी तिथंच होतो. दार माझं होतं. माझ्याइतका पक्का साक्षीदार तुम्हाला शोधूनही सापडला नसता. पण मला कुणी विचारलं नाही. म्हणून आज मी न विचारता बोलणार आहे.

मित्रांनो, दचकू नका, हे तुम्हाला नव्हतं. हे परवाना खात्यातल्या एका मोठ्या साहेबांना होतं. त्यांच्याशी माझं भांडण आहे, तुमच्याशी नाही. तुमची माझी तर अजून नीट ओळखही झालेली नाही. ती आधी करून घेऊ.

मी एक जुना पिनबॉलचा खेळ आहे. चार लोखंडी पायांवर उभी, पुढच्या बाजूला जराशी उतरती लाकडी पेटी, असं माझं शरीर. पेटीच्या पुढच्या अंगाला एक लहानसं दार, वर काच. काचेखाली रंगवलेली फळी, तिच्यावर दिवे, रबर गुंडाळलेल्या खुंट्या आणि छत्रीच्या आकाराचे पाच ठोकळे. उजव्या हाताला स्प्रिंगचा दांडा. तो ओढून सोडला की पोलादाची गोळी सुसाट वर जाते आणि मग छत्र्यांवर आपटत, घंटा वाजवत, उड्या मारत खाली येते. खालच्या टोकाला दोन लहान पाती आहेत. बाजूची बटणं दाबली की ती फटकन उचलतात आणि गोळीला पुन्हा वर धाडतात. मी जिथं राहिलो तिथले खलाशी त्या पात्यांना वल्ही म्हणायचे. तेच नाव मला आवडतं. गोळी वल्ह्यांमधून निसटली की गेली. हा सगळा खेळ. सोपा वाटतो ना? तीस वर्षं खेळलेली माणसंही मला सोपा म्हणत नाहीत.

माझ्या डोक्यावर एक उभी पेटी आहे. तिच्या काचेवर चित्र आहे : समुद्राच्या तळाशी पितळी टोप घातलेला पाणबुड्या आणि त्याला आठ हातांनी वेढणारा ऑक्टोपस. चित्राच्या मागं आकड्यांची चाकं फिरतात. माझ्यात चिप नाही, पडदा नाही. आहेत त्या तारा, कॉइल आणि रिले नावाचे लहान लहान विजेवर चालणारे खटके. प्रत्येक गुण मी खरोखर मोजतो, टिक टिक करत. न मोजता आकडा दाखवणं मला येतच नाही. ज्यांना येतं त्यांना मोठ्या खुर्च्या मिळतात.

मला बनवलं एका लांबलचक शेडमध्ये. सुतारानं पेटी जोडली, रंगाऱ्यानं ऑक्टोपस काढला, आणि तारा जोडल्या अकरा बायकांनी. त्यांतली एक माझ्या तारांची जुडी मेणाच्या दोऱ्यानं बांधायची आणि शेवटी एक बारीकशी दुहेरी गाठ मारायची. सुपरवायझर म्हणाला होता, "एवढी गाठ कशाला? आत कोण बघणार आहे?" ती म्हणाली, "उघडेल तो बघेल की." तिला काय ठाऊक, की उघडायचेही कष्ट न घेता आतलं सगळं लिहून काढणारी माणसं या जगात असतात!

पुढं मी एका क्लबात होतो. तो बंद पडला तेव्हा काकांनी मला घेतलं. बोटीच्या धक्क्यावर प्रवाशांना थांबायला जी मोठी खोली होती, तिच्या कोपऱ्यात काका-काकूंचं उपाहारगृह होतं. चहा, बिस्किटं, उकडलेली अंडी. काकू चुलीपाशी, काका गल्ल्यावर, आणि मी खिडकीखाली. बोट यायला वेळ असला की लोक माझ्यापाशी जमायचे. खलाशी यायचे, पोस्टमन यायचा, पलीकडच्या बेटावरच्या दवाखान्यातली नर्स यायची. नर्सबाईंचा हात असा काही चालायचा की वल्ही त्यांचीच आहेत असं मलाच वाटायचं. कॉलेजला जाणारी एक शिडशिडीत मुलगीही होती. तिला खेळण्यापेक्षा माझ्या पोटात डोकावण्यात जास्त रस. काकांनी दार उघडलं की ही हजर. "काका, हे टिकटिक कोण करतंय?" काका तिला एकेक रिले दाखवायचे. तिची बोट त्यापायी कितीदा चुकली, विचारू नका.

ठरावीक गुण झाले की माझ्या आतला लाकडी हातोडा पेटीवर आपटायचा, टॉक्! म्हणजे आणखी एक डाव फुकट. सगळी खोली माना वळवून बघायची. काका गल्ल्यावरूनच ओरडायचे, "लागलं! लागलं!" फुकटचा डाव, बस. माझ्यात नाणं आत जायला फट आहे, बाहेर यायला वाटच नाही. फटीखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवलेला. नाणं त्यात पडलं की काका येऊन उचलतील तेव्हाच ते उजेड बघणार. हे ध्यानात ठेवा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, ती म्हणजे चावी. माझं मूळ कुलूप मोडलं तेव्हा काकांनी जुन्या कपाटाचं कुलूप बसवलं होतं. दार दाबलं की आपोआप लागणारं. उघडायला चावी हवी, लावायला नको. चाव्या दोन, पितळेच्या, एका लोखंडी कडीत. एक या दाराची, दुसरी डोक्यावरच्या पेटीची. जोडचावी कधीच धक्क्यावरून पाण्यात पडली होती. काका दार उघडले की कडी आतल्या आकड्याला अडकवायचे, काम करायचे, आणि बोलता बोलता दार दाबून मोकळे व्हायचे. चावी आत!

"अहो, चावी खिशात!" काकू चुलीपासून ओरडायच्या. पण तोवर खट् झालेलं असायचं. मग बाजारातल्या कुलूपवाल्याला निरोप. तो यायचा, दोन तारा घालून दार उघडायचा आणि मजुरी म्हणून चहा प्यायचा. असं पाच वेळा तरी झालं. कुलूपवाला म्हणायचा, "काका, तुमच्या विसरण्यावर माझा चहा चाललाय. सुधारू नका."

सहाव्या वेळी तो नव्हता. बहिणीला भेटायला दुसऱ्या गावी गेला होता.

दुपारची वेळ. डाव्या वल्ह्याचं रबर तुटलं होतं आणि नर्सबाई खोळंबल्या होत्या. काकांनी दार उघडलं, डब्यातली नाणी गल्ल्यात टाकली, खटका सोडून काच सरकवली, नवं रबर चढवलं, काच लावली. एवढ्यात बोटीचा भोंगा झाला आणि खोलीत माणसांचा लोंढा घुसला. काकांनी गडबडीत दार दाबलं. खट्. मग खिसा चाचपला.

"परत?" काकूंनी विचारलं.

"परत," काका म्हणाले, आणि दोघं हसत सुटली. त्या खोलीतलं त्यांचं ते शेवटचं हसू.

कारण कोपऱ्यात एक तरुण साहेब चहा पीत बसले होते. परवाना खात्यात नुकते लागलेले, कडक इस्त्रीचे. दोन दिवस येऊन बसत होते आणि "लागलं! लागलं!" ऐकून वहीत काहीतरी टिपत होते. ते उठले. बाहेरून दोन शिपाई आत आले.

"हे जुगाराचं यंत्र आहे. उघडा."

"जुगाराचं?" काकांना आधी गंमतच वाटली. "साहेब, हा गोळीचा खेळ आहे. उघडून दाखवलं असतं, पण आत्ताच चावी आत राहिली बघा. कुलूपवाला उद्या येतोय. उद्या सकाळी तुमच्यासमोर उघडतो. तोवर दुसरा चहा घ्या."

"चहाची लाच देताय?"

"लाच कसली? पहिल्याचे पैसे तुम्ही दिलेत, दुसऱ्याचेही द्या."

लोक हसले. साहेबांना हसू सोसलं नाही. माझ्या मते, सगळं तिथंच ठरलं. माझ्या दारावर कागदाची पट्टी चिकटवली गेली. नाण्याच्या फटीवर लाख ओतली. चार हमालांनी मला आडवं केलं आणि उचललं. आडवं करताच माझ्या पोटात किण् किण् झालं. दोन पितळी चाव्या एकमेकींवर आपटत होत्या. एक हमाल थांबला. "साहेब, आत काहीतरी वाजतंय."

"ती चावीच!" काका धावत आले. "ऐका, ऐका ना, चावीच वाजतेय!"

साहेब शिपायाला म्हणाले, "नाणी असतील. लिहा. आत नाणी आढळली."

मित्रांनो, आढळली! कान आहेत, डोळे आहेत, उद्याची सकाळ आहे, आणि तरी 'आढळली'.

त्या अहवालाची नक्कल काकूंनी इतकी वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. त्यातली वाक्यं मला पाठ आहेत. 'मालकाकडून चावी घेऊन यंत्राचे दार उघडण्यात आले. आतील भागाची तपासणी केली असता खेळणाऱ्यास नाणी परत देण्याची व्यवस्था आढळून आली. तपासणीनंतर दार बंद करून चावी मालकास परत देण्यात आली व यंत्र जागेवरच मोहोरबंद करण्यात आले.' किती नीटस! चावी घेतली काय, परत दिली काय! न केलेली गोष्ट लिहिताना माणसाला तपशिलाची केवढी हौस येते.

उपाहारगृहाचा परवाना गेला. काका दुसऱ्याच्या हॉटेलात कपबशा विसळायला लागले. आठवड्यातून एकदा परवाना खात्याच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. म्हणायचे एकच. "चावी आत आहे. मशीन गोदामात आहे. माझ्यासमोर एकदा उघडा." कारकून हसायचे. पुढं पुढं त्यांना नावच पडलं, 'आतचावी'. रस्त्यात माणसं विचारायची, "काय आतचावी, सापडली का?" एक दिवस काकूही थकल्या. म्हणाल्या, "अहो, पडली असेल तुमच्याच हातून कुठंतरी. कबूल करून टाका आणि सुटा." काका जेवायचे थांबले, हात धुतला, आणि त्यानंतर घरात त्यांनी चावीचं नाव काढलं नाही. व्हरांड्यात मात्र जात राहिले. आठ वर्षांपूर्वी गेले, तेव्हाही शर्टाच्या खिशात अर्जाची घडी होती.

हे मला नंतर कळलं. मी गोदामात होतो. तेवीस वर्षं. माझ्या एका बाजूला जप्त केलेली हातगाडी, दुसऱ्या बाजूला एक कर्णा आणि न्हाव्याची खुर्ची. खुर्चीनं काय गुन्हा केला होता ते तिलाही माहीत नव्हतं. पत्र्यातून पाणी ठिबकायचं, नेमकं माझ्या काचेवर. उंदरांनी तारांवरचं कापड खाल्लं. रबरं चिकट होऊन गळाली. ऑक्टोपसचा एक हात पापुद्रा होऊन सुटला आणि जमिनीवर पडला. पोलादाची गोळी गंजून बसली. पण आतल्या आकड्यावर त्या दोन पितळी चाव्या तशाच लटकत होत्या. मी त्यांच्या भरवशावर होतो. एक ना एक दिवस कुणीतरी उघडेल.

मला सोडलं ते न्याय झाला म्हणून नव्हे बरं! खात्याला गाड्या लावायला जागा हवी होती. पंधरा दिवसांत आपापल्या वस्तू न्या, नाहीतर भंगारात जातील, असा कागद निघाला. काकू आल्या. पांढऱ्या केसांच्या, वाकलेल्या. बरोबर निळ्या कामाच्या कपड्यातली एक धिप्पाड बाई. मी ओळखलंच नाही. मग ती खाली वाकली, माझ्या दाराच्या कडेला डोळा लावला, आणि मी ओळखलं. टिकटिकवाली मुलगी! आता ती इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत होती. सगळे तिला लिफ्टवाली ताई म्हणत. लिफ्टमध्येही रिलेच असतात, आणि रिले तिला काकांनी शिकवले होते.

कारकुनानं पावती पुढं केली. तिच्यावर लिहिलं होतं, 'जप्त केलेले जुगार यंत्र परत मिळाले.'

"मी यावर सही करणार नाही," काकू म्हणाल्या.

"आजी, नुसता शब्द आहे तो."

"नुसता आहे ना? मग खोडा."

"मला खोडता येत नाही."

"लिहिता येतो, खोडता येत नाही?"

कारकून घड्याळाकडे बघायला लागला. शेवटी काकूंनी सही केली आणि खाली लिहिलं, 'हे जुगाराचे यंत्र नाही.' कारकून म्हणाला, "इथं लिहायची जागा नाही ती." काकू म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला उभं राहायला पण नव्हती."

मला काकूंच्या बाहेरच्या खोलीत आणलं. आता खरी कथा ऐका.

दाराची चावी नाही, म्हटल्यावर ताईनं ड्रिल आणलं. इतक्या वर्षांच्या गंजात तारा चालणार नाहीत असंच सगळ्यांना वाटलं; कुलूप पोखरायचं, दुसरा उपाय काय? काकूंनाही मान्य होतं. मदतीला कुलूपवाला आला होता, तोच, आता सत्तरीला टेकलेला. ताईनं ड्रिलला टोक बसवलं, गुडघे टेकले. आणि मग तिनं एक वेडेपणा केला. माझ्या दारावर तीन वेळा ठकठक केली आणि विचारलं, "आत कोण आहे?"

कुलूपवाला खो खो हसला. "अगं बये, खेळात कोण अडकणार?"

"सवय आहे," ताई म्हणाली. "आमच्यात बंद दाराला हत्यार लावायच्या आधी वाजवायचं, विचारायचं आणि कान लावायचा. लिफ्ट रिकामी आहे असं शंभर जणांनी सांगितलं तरी. माझ्या उस्तादानं एकदा विचारलं नव्हतं. तो पुन्हा कधी नीट झोपला नाही." आणि तिनं खरंच माझ्या दाराला कान लावला.

तिच्या ठकठकीनं माझी जुनी फळी हादरली होती. आत दोन चाव्या एकमेकींना लागल्या. किण्.

ताईनं ड्रिल जमिनीवर ठेवलं. पुन्हा वाजवलं. किण्.

"काय गं, काय वाजलं?" काकू स्वयंपाकघराच्या दारात ओलं फडकं घेऊन उभ्या होत्या.

ताईनं पुन्हा वाजवलं. या वेळी खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. काकू भिंतीला धरत धरत खाली बसल्या.

"परत वाजव," त्या म्हणाल्या. ताईनं वाजवलं. "परत." सहा-सात वेळा वाजवायला लावलं त्यांनी. मग फडक्यात तोंड खुपसून म्हणाल्या, "मी त्यांना म्हटलं होतं, कबूल करा. मी म्हटलं होतं गं. बायको असून मी म्हटलं."

कुलूपवाला खिडकीबाहेर बघत होता. "त्या दिवशी मी गावात असतो ना," एवढंच बोलला.

कुणीही दुसरा असता तर घाईनं दार उचकटलं असतं. पण काकू उठल्या, डोळे पुसले आणि एकदम करड्या आवाजात म्हणाल्या, "कुणी हात लावायचा नाही. आधी माणसं बोलवा." शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई आल्या, खालचा शिंपी आला, फोटो स्टुडिओवाला कॅमेरा घेऊन आला. पट्टी शाबूत आहे, तिच्यावर साहेबांची सही आहे, फटीवरची लाख शाबूत आहे, सगळ्याचे फोटो झाले. मग ताईनं ब्लेडनं पट्टी कापली आणि कुलूप मोडू नये म्हणून कुलूपवाल्यानंच दोन तारा घालून पाहिल्या. एकेकाळी दोन मिनिटांचं काम. आता दहा मिनिटं लागली. कुणी घाई केली नाही.

दार उघडलं. तेवीस वर्षांनी माझ्या पोटात उजेड आला.

आकड्यावर कडी, कडीत दोन चाव्या. चाव्या पितळेच्या, त्या नुसत्या काळवंडलेल्या. पण लोखंडी कडी आणि लोखंडी आकडा गंजून एकजीव झाले होते. कडी काढता येईना. मास्तरीणबाईंनी चष्मा चढवून पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं, "ही काल-परवा कुणी अडकवलेली नाही." खाली पत्र्याचा रिकामा डबा होता. त्याच्यावर फट, आणि बाहेर जायला वाट नाही. कुठंच नाही. शिंप्यानं हात घालून चारी कोपरे चाचपले. "कुठंय ती व्यवस्था? मला तर बिस्किटांचा डबाच दिसतोय."

दुसऱ्या दिवशी काकू फोटो घेऊन परवाना खात्यात गेल्या. ते तरुण साहेब आता खात्याचे मोठे साहेब झाले होते. काय झालं ते काकूंनी घरी येऊन ताईला सांगितलं, आणि मी ऐकलं.

साहेब फोटो बघून म्हणाले, "आजी, इतकी जुनी गोष्ट आता कशाला उकरता?"

"नवी होती तेव्हा ऐकली नाहीत म्हणून."

"त्या वेळी मी नवीन होतो. चूकभूल होते."

"मग तेवढंच लिहून द्या. चूक झाली, दार उघडलं नव्हतं. एका ओळीचं काम आहे."

साहेबांनी पाण्याचा पेला संपवला आणि सांगितलं, "लेखी अर्ज द्या."

काकूंनी अर्ज दिला. उत्तर आलं : प्रकरण जुने असल्यामुळे संबंधित कागदपत्रे उपलब्ध नाहीत. आणि त्याच टपालात एक नोटीसही आली : त्याच प्रकरणातील शासकीय मोहोर विनापरवानगी तोडल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये? म्हणजे बघा मित्रांनो, काकांना निर्दोष ठरवायचं म्हटलं की कागद हरवतात, आणि काकूंना धमकावायचं म्हटलं की तेच कागद सापडतात!

ताईनं नोटीस हातात घेऊन पोत पाहिला. "कागद मात्र झकास आहे. जाड, खरखरीत." तिनं दोन झेरॉक्स काढून काकूंच्या पिशवीत ठेवल्या आणि मूळ नोटिशीच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या. रिलेची टोकं साफ करायला असाच कागद लागतो. कानस लावली तर टोकं झिजतात. दोन टोकांच्या मध्ये पट्टी घालायची, टोकं हलकेच दाबून धरायची आणि पट्टी ओढायची. काळी रेघ उमटते. स्वच्छ होईपर्यंत पुन्हा ओढायची. माझ्यात अशा दोनशेच्या वर जोड्या. तुमच्या नोटिशीनं तेवीस वर्षांची काजळी निघाली साहेब. खात्याच्या कागदाचा मला झालेला उपयोग एवढाच.

तीन महिने ताई सुटीच्या दिवशी येत होती. उंदरांनी खाल्लेल्या तारा एकेक करून बदलल्या. मेणाच्या दोऱ्याची ती दुहेरी गाठ दिसली तेव्हा थांबली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि ती न सोडता बाजूनं नवी तार ओवली. जळालेली एक कॉइल पुन्हा गुंडाळली. आकड्यांची चाकं सोडवून पुसली. फळीवर मेण चढवलं. नवी रबरं, नवी गोळी. पाट्या रंगवणाऱ्यानं ऑक्टोपसचा हात काढून दिला. काकूंनी मोजले आणि म्हणाल्या, "अरे, नऊ झाले की!" तो म्हणाला, "एक जास्त असू द्या आजी, सरकारशी गाठ आहे." काकू इतक्या वर्षांनी खळखळून हसल्या. नववा हात तसाच ठेवलाय. येऊन मोजा.

कुलूपही तेच ठेवलंय, दाबलं की लागणारं. आणि गंजलेली कडी आकड्यावर तशीच आहे. कुलूपवाल्यानं नव्या चाव्या करून दिल्या, आणि त्यांतली एक काकूंच्या गळ्यात दोरीला असते. विसरायची सोयच नाही.

पहिला डाव काकूंचा. आयुष्यभर चुलीपासून ओरडल्या, पण दांडा कधी हातात धरला नव्हता. ओढला, सोडला. गोळी वर गेली, छत्र्यांवर आपटली, घंटा वाजली, दिवे लागले. माझी चाकं टिक टिक मोजायला लागली आणि एकही आकडा चुकला नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी एवढे गुण केले की आतला हातोडा पेटीवर आपटला. टॉक्!

खोलीत काकू एकट्याच होत्या. गल्ला नव्हता, काका नव्हते. त्यांनी बटणांवरचे हात काढले नाहीत. हळूच म्हणाल्या, "लागलं."

मित्रांनो, तुम्ही मुलं संध्याकाळी काकूंकडे खेळायला येता तेव्हा माझ्या पेटीला गुद्दे मारू नका. काचेवर कोपर टेकू नका. गोळी निसटली तर चूक बहुधा तुमची असते. जुन्या वस्तूंना जपा, त्यांना तेल द्या, पुसा, चालत्या ठेवा. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. कुठल्याही बंद दाराबद्दल काही लिहायच्या, बोलायच्या आधी ते वाजवा. विचारा, आत कोण आहे. कान लावा. ताईला त्याला दोन क्षण लागले होते. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातल्या कुणाला टेबल मिळेल, शिक्का मिळेल. तेव्हा हे आठवा.

आणि साहेब, तुम्ही. अर्जाला सात महिने झाले. खऱ्या उत्तरासाठी काकू अजून रोज टपालाची वाट बघतात. त्यांना परवाना नको, भरपाई नको, हारतुरे नकोत. एका माणसाच्या नावापुढचा एक शब्द खोडून हवा आहे, आणि तो खोडायचं पेन तुमच्याच खिशात आहे. गोष्ट जुनी आहे म्हणू नका. मी त्याहून जुना आहे आणि मला सगळं आठवतं. कागद मिळत नाहीत म्हणू नका. नक्कल काकूंच्या पिशवीत आहे, तुमच्या सहीची.

तुम्ही लिहिलंत, चावी घेऊन दार उघडलं. तुम्ही लिहिलंत, चावी परत दिली. चावी माझ्या पोटात होती. आजही कडी तिथंच आहे, या आणि हात लावून बघा. मग सांगा साहेब, काकूंच्या तोंडावर, या सगळ्या मुलांसमोर सांगा : तुम्ही दार कशानं उघडलंत?